फ्रीजच्या दारातली ट्यूब: वहिनी, मी आणि धाकटी

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आईने नेहमीसारखं उटणं कालवलं आणि आम्ही तिघी, म्हणजे वहिनी, मी आणि धाकटी बहीण, ते तोंडाला लावून बसलो. मिनिटभरात तिघींच्या चेहऱ्याची आग आग व्हायला लागली. म्हणजे चुणचुण नाही, मिरची लागल्यासारखी आग. आई म्हणाली उटणं जुनं असेल, पण तेच उटणं दादाने लावलं होतं, आईने लावलं होतं, दीड वर्षाच्या पिल्लालासुद्धा पाठीला लावलं होतं आणि त्यांना कुणाला काही नाही. आरशात बघितलं तर तिघींचे गाल सारखेच लाल, जणू एकाच कारखान्यात रंगवून काढलेत.

तिथे पहिल्यांदा डोक्यात आलं की आमच्या तिघींच्यात एकच गोष्ट कॉमन आहे, ती म्हणजे फ्रीजच्या दारात, आल्या-लसणाच्या पेस्टच्या डबीशेजारी ठेवलेली ट्यूब. घरात तिला सगळे "वहिनीची क्रीम" म्हणायचे. नाव वाचायचे कष्ट कुणी घेतले नव्हते, मीपण नाही, आणि मी इंजिनियर आहे, हिंजवडीत बसून दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण तिघींची वयं वेगळी, तिघींची तक्रार वेगळी, आणि लावलं मात्र एकच. नंतर डॉक्टर मॅडमनी जे समजावलं ते ऐकून वाटलं की हे प्रकरण आमच्या एकट्यांचं नाही.

सुरुवात वहिनीपासून. तिचं वय ३३. दिवस गेले होते तेव्हा सहाव्या महिन्यापासून तिच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग यायला लागलं, तपकिरी, नकाशासारखं. सगळ्या बायकांनी सांगितलं बाळंतपणानंतर जातं. बऱ्याच जणींचं जातंही, फिकं तरी होतं, पण वहिनीचं गेलं नाही. मग सल्ले सुरू. आईने जायफळ दुधात उगाळून दिलं, शेजारच्या काकूंनी लिंबू आणि साय सांगितली, लिंबाने तर जिथे वांग नव्हतं तिथे पण काळं पडलं. शेवटी बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर डिसेंबरात ती एका डॉक्टरांकडे गेली, त्यांनी ट्यूब लिहून दिली, चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं की फक्त रात्री, फक्त डागावर, ४ आठवडे, मग दाखवायला या. ही चिठ्ठी मी नंतर स्वतः बघितली, त्यामुळे त्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. आता दीड महिन्यात वांग जवळजवळ गेलं, चेहरा उजळला, सगळे म्हणायला लागले काय गं सुंदर दिसायला लागलीस, मग दाखवायला कोण जातंय. बाळ, घर, ऑनलाइन शिकवण्या. ट्यूब संपली की दादा मेडिकलमधून त्याच जुन्या चिठ्ठीवर दुसरी आणायचा, पुढे पुढे तर चिठ्ठीपण लागेना, नुसतं रिकामं खोकं दाखवलं की पुरे.

मधेच बंद करून बघितलं होतं तिने, मे महिन्यात. चार दिवसांत तोंड लाल, खाज, आणि वांग दुप्पट काळं. तिने सरळ अर्थ काढला की क्रीम चांगली आहे, बंद केली की त्रास होतो. परत चालू. कॉफी सोडली की डोकं दुखतं आणि कॉफी प्यायली की थांबतं, म्हणून कॉफी डोकेदुखीवर औषध, असलं लॉजिक.

माझं वय २७. मला काहीसुद्धा झालेलं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. ना पिंपल, ना डाग. जूनमध्ये लग्न ठरलं, फेब्रुवारीची तारीख निघाली, आणि दिवसभर एसीत बसून चेहरा निस्तेज दिसतोय असं मला वाटायला लागलं. सोलापूरला घरी गेले तेव्हा वहिनीचा चेहरा बघितला आणि म्हटलं मला पण दे. तिने अर्धी ट्यूब प्रेमाने दिली. मी तर डागावर वगैरे नाही, कोल्ड क्रीम फासावी तशी पूर्ण तोंडाला, गळ्याला, सकाळ-संध्याकाळ. आठ दिवसांत काय ग्लो आला म्हणून सांगू. ऑफिसात तीन जणींनी नाव विचारलं, दोघींना मी फोटो पाठवला. त्याची लाज अजून वाटते. (दोघींना नंतर फोन करून सगळं सांगितलं, एकीने ऐकलं.)

धाकटी २० ची, पुण्यात होस्टेलवर. तिला हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मोठे, दुखरे पिंपल यायचे. ऑगस्टमध्ये माझ्याकडे राहायला आली, बाथरूममध्ये ट्यूब दिसली, लावली, दोन दिवसांत पिंपलची सूज बसली. घेऊन गेली. ऑक्टोबरपर्यंत तिच्या गालांवर, कपाळावर, जिथे आधी कधीच काही नव्हतं तिथे बारीक बारीक पुळ्या, सगळ्या एका मापाच्या, मोहरी सांडल्यासारख्या. तिला वाटलं पिंपल वाढलेत, म्हणून तिने ट्यूब जास्त लावायला सुरुवात केली.

भाऊबीज झाल्यावर तिघी मिळून सोलापुरातल्याच एका त्वचारोग डॉक्टर मॅडमकडे गेलो. फोनवरच सांगितलं होतं की तोंडाला जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून आणा. ती पिशवी रिकामी करायला मॅडमना पाच मिनिटं लागली: दोन सिरम, मुलतानी माती, स्क्रब, फेसवॉश तीन प्रकारचे, एक बिनलेबलची पांढरी डबी (धाकटीच्या मैत्रिणीने दिलेली), आणि ती ट्यूब. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "आत्तापर्यंत किती ट्यूबा संपल्या?" किती महिने लावलं हे नाही, किती ट्यूबा. वहिनीने हिशेब केला, तिच्या एकटीच्या अकरा-बारा. माझ्या सात. मॅडम म्हणाल्या महिने सगळे विसरतात, ट्यूबांचे पैसे दिलेले असतात ते आठवतात.

मग त्यांनी ट्यूब उलटी धरून बारीक अक्षरं वाचून दाखवली. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. पहिलं काळा रंग तयार होणं कमी करतं, दुसरं वरचा थर लवकर बदलायला लावतं, आणि तिसरं स्टेरॉइड, म्हणजे सूज-जळजळ दाबणारं औषध. या तिघांची जोडी नवीन नाही, १९७५ मध्ये क्लिगमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने असं मिश्रण वांगासाठी मांडलं, त्यात स्टेरॉइड वेगळं होतं आणि ते मुख्यतः बाकीच्या दोघांनी होणारी जळजळ दाबायला. म्हणजे औषध म्हणून ते खोटं नाहीच, वांगावर थोडे आठवडे, लक्ष ठेवून, आजही देतात. आपल्याकडे भानगड अशी की इथल्या ट्यूबांमध्ये बऱ्याचदा मोमेटासोनसारखं जोरकस स्टेरॉइड असतं आणि लोक ते वर्षानुवर्षं लावतात.

मला सगळ्यात जास्त राग आला तो "ग्लो" चं कारण कळल्यावर. स्टेरॉइड लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे चेहरा फिकट, गोरा दिसतो. स्टेरॉइड क्रीम किती ताकदीचं हे मोजायची एक जुनी पद्धतच अशी आहे, हातावर लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मुली ज्याला ग्लो म्हणत होत्या ती लॅबमधली स्टेरॉइडची टेस्ट होती, मी ती रोज दोनदा स्वतःच्या तोंडावर करत होते. पुढे काय होतं तर त्वचा पातळ होते, आकसलेल्या वाहिन्या सवयीने फुगलेल्याच राहतात, गालावर लाल जाळं दिसायला लागतं, उन्हाची, गॅसच्या धगीची, साध्या पाण्याची पण आग होते. बंद केलं की दाबून ठेवलेली सगळी सूज एकदम उसळते. वहिनीला मे महिन्यात झालं ते हेच. याला डॉक्टर लोक "टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस" म्हणतात, हे नाव आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी पाडलंय, इथे इतक्या केसेस येतात म्हणून. २०११ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ पेशंट तपासले होते, त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. शंभरात जवळजवळ पंधरा. आणि त्यातले बरेच जण ते गोरेपणासाठी किंवा साधी रोजची क्रीम म्हणून, नाहीतर पिंपलवर लावत होते, म्हणजे अगदी मी आणि धाकटी. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडं शेड्युल एच मध्ये घालून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. आमच्या मेडिकलवाल्याने रिकाम्या खोक्यावर ट्यूब दिली ती त्याच्या कितीतरी नंतर.

त्या बिनलेबलच्या डबीबद्दल. मॅडमनी ती बाजूला ठेवली आणि धाकटीला लघवीची तपासणी लिहून दिली, आम्हाला कळेना तोंडाच्या क्रीमचा लघवीशी काय संबंध. तर गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये पारा असू शकतो, तो कातडीतून आत जातो आणि किडनीवर बसतो. नियमाने कॉस्मेटिकमध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखात एक भाग एवढाच चालतो (डोळ्यांच्या मेकअपचा नियम वेगळा). मधे अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना अशा क्रीममुळे किडनीचा त्रास झाल्याची बातमी होती, मॅडमनी ती आठवण करून दिली तेव्हा आई एकदम गप्प झाली. धाकटीने सुदैवाने आठच दिवस लावली होती, रिपोर्ट नॉर्मल आला. डबी मॅडमनी ठेवून घेतली.

आता खरी गंमत पुढे आहे. तिघींचं लाल तोंड सारखं दिसत होतं, पण मॅडमनी तिघींना वेगवेगळं बसवून तासभर घेतला आणि तिघींची ट्रीटमेंट वेगळी निघाली, कारण स्टेरॉइडच्या खाली प्रत्येकीचं मूळ वेगळं.

धाकटीच्या बाबतीत त्या आधी पाळीबद्दल विचारत बसल्या. तिची पाळी पन्नास-साठ दिवसांनी यायची, तिने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, होस्टेलवर सगळ्यांचंच असं असतं म्हणे. मग केस. तिच्या चेहऱ्यावर केस वाढले होते आणि आम्ही धरून चाललो होतो की ट्यूबमुळे. मॅडमनी भिंगातून बघून सांगितलं की गालावरची मऊ लव ही ट्यूबची, जिथे लावलं तिथेच आली, जाईल. पण हनुवटीवरचे जाड केस आणि बेंबीखालची रेघ, तिथे तर ट्यूब लावली नव्हती ना? तो हार्मोनचा मामला. तसंच मोहरीसारख्या एकमापी पुळ्या स्टेरॉइडच्या, जबड्यावरच्या खोल गाठी तिच्या स्वतःच्या. एकाच तोंडावर दोन आजार शेजारी शेजारी. रक्त आणि सोनोग्राफी झाली, पीसीओएस निघालं, म्हणजे हार्मोनचा तोल बिघडून पाळी लांबते, पिंपल आणि केस येतात तो त्रास. खरं सांगायचं तर ट्यूबचा एवढा तमाशा झाला नसता तर ते आणखी चार वर्षं कळलं नसतं. तिला पहिला महिना पिंपलवर काहीच दिलं नाही, नुसतं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, पोरगी रडकुंडीला आली. कातडी शांत झाल्यावर मग रात्री ॲडापलीन ०.१ टक्के, पूर्ण तोंडाला मिळून एका मटारच्या दाण्याएवढं, एक दिवसाआड, आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. आणि बजावलं की आठ ते बारा आठवडे काही विचारू नकोस. बेन्झॉइल पेरॉक्साइडने उशीचे अभ्रे पांढरे पडतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, आईचा भरतकामाचा अभ्रा गेला.

माझं तर मूळ काही नव्हतंच, त्यामुळे माझी फाइल सगळ्यात पातळ. मॅडम म्हणाल्या तुला आजार नव्हता, तू आणलास. २७ व्या वर्षी, तक्रार नसताना, कातडीला काय लागतं तर सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी हौस. माझी दोन्ही सिरम बंद झाली, व्हिटॅमिन सी पण, कारण पातळ झालेल्या कातडीला कुठलंच ॲसिड सोसत नाही. ट्यूब एकदम बंद, रात्री टॅक्रोलिमस मलम (हे स्टेरॉइड नाही, पण पहिले चार-पाच दिवस स्वतःच जळजळतं, फ्रीजमध्ये ठेवून लावलं की जरा सुसह्य होतं) आणि काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या.

ट्यूब सोडल्यावरचे पंधरा दिवस मी कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा केल्या. तोंड टोमॅटो, डोळ्यांखाली सूज, रात्री झोपेत खाजवू नये म्हणून हातात सुती मोजे. दिवसातून चार वेळा ओल्या रुमालाची थंड घडी. होणाऱ्या नवऱ्याला फोटो पाठवावा की नाही यावर दोन दिवस घालवले, शेवटी पाठवला, त्याचं उत्तर आलं "पित्त उठलंय का". तिसऱ्या आठवड्यात थोडं बसलं, मग परत उसळलं, तेव्हा मी ट्यूब शोधायला बॅग उपसली होती हे कबूल करते. फेकून दिली होती म्हणून वाचले. लोक परत का लावतात ते मला त्या रात्री कळलं, मूर्खपणाने नाही लावत, बोटभर क्रीमने अर्ध्या तासात आग थांबणार असते आणि उद्या सकाळी ऑफिस असतं.

वहिनीचं सगळ्यात किचकट. अकरा महिन्यांचं स्टेरॉइड तिचं एकदम तोडलं नाही, आधी अगदी सौम्य स्टेरॉइडवर आणलं, एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. आणि मॅडमनी तिला दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या, एक म्हणजे वांग परत येणार, काळं होऊन येणार, घाबरायचं नाही. दुसरं, वांग बरं होतं असं म्हणू नका, ताब्यात राहतं म्हणा. ऊन, हार्मोन, उष्णता, आणि नुसता उजेडसुद्धा, सावळ्या कातडीत हे सगळं त्याला चेतवतं. वहिनी म्हणाली अहो मॅडम मी तर घरातच असते, त्यावर मॅडमनी विचारलं शिकवणी कुठे बसून घेता, तर खिडकीत. काचेतून ऊन येतंच, त्यातले चामडी काळी करणारे किरण साधी काच पुरते अडवत नाही. तिला रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन दिलं, कारण साधं सनस्क्रीन डोळ्याला दिसणारा उजेड फारसा अडवत नाही. मधल्या बोटावर आणि तर्जनीवर दोन पूर्ण रेघा, एवढं तोंडाला आणि गळ्याला मिळून, दुपारी परत. ती आधी वाटाण्याएवढं लावत होती, म्हणजे मटारच्या दाण्याचा हिशेब धाकटीच्या औषधाचा आणि वहिनी तो सनस्क्रीनला लावत होती. टेबल पण खिडकीतून हलवलं, दादाने कुरकुर करत.

मला विचाराल तर आमच्या घरात चूक क्रीमपेक्षा एका समजुतीची झाली. आपण तोंडाच्या क्रीमला औषध धरत नाही. दादाच्या बीपीची गोळी "मला पण दे" म्हणून कुणी मागितली नसती. मामी तर तीच ट्यूब जांघेतल्या गजकर्णाला लावत होती हे दिवाळीतच कळलं. खाज थांबते आणि नायटा आतल्या आत पसरत जातो, तिलाही नंतर मॅडमकडे नेलं, ते वेगळंच प्रकरण.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सगळ्या सोलापुरात होतो तेव्हा दुसऱ्यांदा दाखवलं. माझं लाल जाळं डाव्या गालावर थोडं राहिलंय, ते लगेच जाणार नाही, नंतर लेझरचा विचार करता येईल म्हणाल्या. लग्नात हळद लावू का विचारलं तर हातापायांना पोटभर लावा, तोंडाला नको. मावश्यांना समजवायचं काम आईने घेतलं, ज्या आईने जायफळ उगाळलं होतं तीच दारात उभी राहून "तोंडाला नाही गं, तोंडाला नाही" करत होती. मेकअपवालीला मी आधीच सांगितलं होतं, तिने आठवडाभर आधी कानामागे लावून बघितलं आणि स्क्रब-ब्लीच काही केलं नाही. फोटोत मी माझ्या मूळ रंगाची दिसते, एका काकूंनी "जरा दमलेली दिसत्येस" म्हटलं.

धाकटीचं मार्चपर्यंत छान आलं, नवीन गाठी महिन्याला एखादी, जुने डाग आहेत. पाळीवर उपचार चालू आहेत, वजनाचं आणि जेवणाचं बघायला सांगितलंय, होस्टेलच्या मेसवर ते कितपत जमेल देव जाणे.

वहिनीचं वांग परत आलं, सांगितलं होतं तसंच. आता ॲझेलेइक ॲसिड आणि सनस्क्रीनवर हळूहळू फिकं होतंय, मोबाईलमध्ये दर महिन्याला त्याच खिडकीशी एक फोटो काढून ठेवते तेव्हाच फरक कळतो. मधे मॅडमनी विचारलं दुसऱ्या बाळाचा काही विचार आहे का. वहिनी लाजली, म्हणाली वर्षभरात. मग ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन आत्तापासूनच नको म्हणाल्या, ॲझेलेइक चालू ठेवा, ते गरोदरपणातपण चालतं, आणि दिवस राहिले की आधी मला फोन करा, मेडिकलवाल्याला नाही. पुढची तारीख जूनची आहे.